कोंडिबाची तेल देणारी जीप

डोंगराच्या पोटात वसलेल्या एका वाडीत एकच जीप होती, आणि ती कोंडिबा मरळाची होती. दवाखाना आणि बाजार घाट ओलांडून पलीकडे. रस्ता म्हणजे नुसते दगडधोंडे. आजारी माणूस असो की नवरदेव, कोंडिबावाचून कुणाचं पान हलत नसे. मग त्याचा तोरा काय विचारता!

त्याची एक खोड होती. घाट उतरून आला, की तापलेली जीप तशीच ओढ्यात घालायची आणि चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी करून धुवायची. "दमलीय बिचारी, न्हाऊ दे," म्हणायचा.

मागच्या दोन चाकांमधल्या एक्सलमध्ये तेल असतं. ते किती आहे हे बघायला वरचा बोल्ट काढून आत बोट घालतात. दर अमावस्येला जीपपुढे नारळ फोडण्याआधी कोंडिबा असं बोट घालून बघायचा. तेल कमी व्हायचं राहिलं बाजूला, ते वरच येत चाललं होतं. एका अमावस्येला तर बोल्ट काढताच बाहेर ओघळलं. कोंडिबानं जीपला हात जोडले आणि पारावर जाऊन सांगितलं, "लोकांच्या गाड्या तेल पितात. माझी तेल देते!" वाडीनंही माना डोलावल्या.

बाजारात अन्वर मिस्त्रीच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "कोंडिबा, तेल वाढत नसतं. आत पाणी शिरतंय. गाडी रात्रभर उभी ठेव आणि सकाळी खालचा बोल्ट सैल कर. पाणी जड, ते आधी येईल."

"जळतोस तू माझ्यावर!" म्हणत कोंडिबा निघून आला.

पण मनातून शंका जाईना. सकाळी त्यानं कुणाला न सांगता खालचा बोल्ट सैल केला. आधी पाणी टपकलं. मग तेल आलं, तेही दूध जास्त झालेल्या चहासारखं. तरी खात्री पटेना, म्हणून त्या तेलाचा एक थेंब चुलीवरच्या तव्यावर टाकला. तो तडतडून उडाला; नुसतं तेल असं तडतडत नाही.

"अहो, माझा तवा!" बायको ओरडली.

कोंडिबा काय ते समजला. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला, की आतली हवा आकसते. एक्सलची हवा घ्यायची नळी चिखलानं बुजलेली असली, तर चाकापाशी तेल अडवणाऱ्या झिजलेल्या सीलमधून ओढ्याचं पाणीच आत ओढलं जातं. त्याच्याच लाडानं गाडी नासली होती. पण एवढी फुशारकी मारल्यावर आता मिस्त्रीपुढे कुठल्या तोंडानं जायचं? त्यानं बोल्ट गपचूप आवळून टाकला.

आठवडाभरात त्याच्या धाकट्या बहिणीला, बाळंतपणाला आलेल्या हिराला, कळा सुरू झाल्या. तिला जीपमध्ये बसवलं. जीप हलली तशी मागून घरघर ऐकू आली, जात्यात खडा सापडल्यासारखी. लोक म्हणाले, "चल रे, तेल देणारी गाडी तुझी, तिला काय होतंय!"

गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती. समोर घाट होता आणि मागे हिरा कण्हत होती. कोंडिबानं गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"ही घाट चढायची नाही," तो म्हणाला. "एक्सलमध्ये पाणी आहे. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

वाडीनं त्याला नाही नाही ते ऐकवलं, पण भांडायला वेळ कुणाला होता! घाईघाईनं डोली बांधली. पुढचा दांडा कोंडिबानं खांद्यावर घेतला आणि घाट संपेपर्यंत कुणाला दिला नाही. हिरा दवाखान्यात सुखरूप सुटली. मुलगी झाली.

कोंडिबा खाटेपाशी खाली मान घालून उभा राहिला. हिरा म्हणाली, "दादा, राग आलाय मला तुझा. आठ दिवस आधी सांगितलं असतंस, तर मी गाडीतून आले असते. पण घाटात गाडी अडकल्यावर सांगितलं असतंस, तर इथवर जिवंत पोचलेच नसते."

तात्पर्य: न घालता जे वाढतं, त्याचं कौतुक करण्याआधी आत काय शिरलंय ते बघावं, आणि चूक कळली, की अब्रूकडे न बघता त्याच दिवशी बोलून टाकावं.