लाल पेन्सिलीची खूण

“मग बिशपसाहेबांची पत्रं आहेत तरी कुठे?”

रेव्हरंड सुबोध रणनवरे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर टेबलावर सहा खोकी होती. प्रत्येकावर ‘बिशप शांतवन धनवडे : पत्रव्यवहार’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. पाच उपसून झाली, तरी बिशपांच्या हातचं एकही पत्र निघालं नव्हतं. सगळी लोकांनी त्यांना लिहिलेली.

सेमिनरीचं ग्रंथालय सांभाळणारे भांबळ गुरुजी सहाव्या खोक्यात कडुलिंबाचा सुका पाला पसरत होते. वय झालेलं, कानांनी अधू. दोनदा विचारलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं.

“त्यांची पत्रं त्यांनी पोस्टात टाकली,” गुरुजी म्हणाले.

“आणि नकला?”

“ठेवल्या नाहीत.”

…

रणनवऱ्यांचा चेहरा उतरला. धर्मप्रांताच्या शताब्दीला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी ‘बिशप धनवडे यांची निवडक पत्रे’ हा त्यांनी संपादलेला ग्रंथ निघणार, असं निमंत्रणपत्रिकेत छापूनही झालं होतं. चाळीस पानांची प्रस्तावना तयार होऊन समोर टेबलावर होती. एकही पत्र न वाचता त्यांनी ती लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर ती वाईट नव्हती.

गुरुजींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पत्रांचे कोपरे बघायला सांगितलं.

प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक तारीख होती. तिच्याखाली बिशपांच्या बारीक अक्षरात ‘उत्तर दिले’, आणि पुढे चार-दोन शब्द.

‘म्हैस सुखरूप व्याली. आनंद कळवला.’

‘घंटेला नवा दोर धाडला.’

‘सुनेशी गोड बोला म्हणालो. सुनेलाही निराळे लिहिले.’

‘उपदेश लांबतो अशी तक्रार. माझ्याच उपदेशाची आहे. कबूल केले.’

रणनवऱ्यांना हसू फुटलं. मग ते वाचतच सुटले. प्रस्तावनेत त्यांनी बिशपांचं वर्णन ‘गंभीर प्रकृतीचे धर्मचिंतक’ असं केलं होतं, तेही त्यांना आठवेना. चहा निवून गेला.

सहावं खोकं दोन महिन्यांपूर्वीच बिशपांच्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावरून आलं होतं. त्यात तळाशी एक पत्र निघालं. त्याच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं.

“याला खूण नाही,” रणनवरे म्हणाले.

“त्याच आठवड्यात बिशपसाहेब गेले,” गुरुजी म्हणाले. “एवढ्या एकाच पत्राचं उत्तर राहिलंय.”

पत्र साठ वर्षांपूर्वीचं होतं. नुकत्याच नेमलेल्या एका एकोणीस वर्षांच्या बायबलबाईनं, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या सेविकेनं, लिहिलेलं. रणनवऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

‘बिशपसाहेबांस सलाम. माझा आवाज भसाडा आहे. उपासनेत मी गीत धरले की बाया पदरात तोंड घालून हसतात. परवा तर पाळकसाहेबही हसले. तरी मी गावे, की आपले नुसते ओठ हलवावे? तुमचे उत्तर येईपर्यंत ओठ हलवीन.’

रणनवरे पोट धरून हसले. हसत हसतच त्यांनी सही वाचली.

‘तबीथा लोंढे, खडकवाडी.’

…

खडकवाडीची मंडळी रणनवऱ्यांचीच होती. गेली चार वर्षं ते तिथले पाळक होते. तबीथाबाई आता ऐंशीला टेकलेल्या, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसायच्या. गीताची वही त्यांना लागत नसे.

त्यांचा आवाज कसा आहे, हे रणनवऱ्यांनी आठवून पाहिलं.

त्यांना फक्त ओठ आठवले.

“मला वाटायचं, बाई किती तल्लीन होऊन गातात,” ते हळूच म्हणाले. गुरुजींना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

माणूस शरमला की आधी दुसऱ्यावर चिडतो. रणनवरेही चिडले. हे पत्र माझ्या मंडळीतल्या बाईचं आहे, गुरुजी, हे मला कळवायचं तरी, असं ते जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

गुरुजींनी रणनवऱ्यांच्या टपालानं फुगलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

पिशवीत महिन्याभराचं टपाल तसंच पडलेलं होतं. प्रस्तावनेच्या घाईत ते फोडायला सवड झाली नव्हती. त्यात गुरुजींच्या अक्षरातली तीन पाकिटं निघाली. पहिल्यात लिहिलं होतं की बिशपसाहेबांनी नकला ठेवलेल्या नाहीत, तेव्हा ग्रंथाचं जाहीर करू नये. दुसऱ्यात, की पहिलं पोचलं का. तिसऱ्यात, की तबीथाबाईंचं एक पत्र तुमची वाट बघत आहे, लवकर या.

रणनवऱ्यांनी तिन्ही वाचली आणि पुन्हा पाकिटात घातली.

“गुरुजी, कागद आहे का?”

गुरुजींनी प्रस्तावनेचं पहिलं पान उचललं आणि उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं.

“मागून कोरं आहे.”

रणनवऱ्यांनी आधी दोन स्तोत्रांचे दाखले देऊन अर्धं पान भरलं. वाचलं, खोडलं. मग बिशपांचे दोष पदरात घ्यावेत असं काहीसं लिहिलं, तेही खोडलं. अशी प्रस्तावनेची सात पानं खर्ची पडली. आठव्या पानावर एवढंच उरलं :

‘तबीथाबाई, सलाम. उत्तराला उशीर झाला. गा. रविवारी पहिलं गीत तुम्हीच धरा. कुणी हसलं तर मी बघतो, आणि मीच हसलो तर तुम्ही बघा. सुबोध.’

गुरुजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मान डोलावली.

“आणि ग्रंथ?” रणनवऱ्यांनी विचारलं. “लोक विचारतील, बिशपांची पत्रं कुठायत…”

“पोचली म्हणावं.”

रणनवरे हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं. खडकवाडीची एसटी सुटायला अर्धा तास होता, पत्र आपल्याच हातानं न्यायचं त्यांनी ठरवून टाकलं. निघता निघता त्यांनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, तबीथाबाईंचं जुनं पत्र पुढे ओढलं आणि कोपऱ्यात तारीख घालायला हात टेकवला.

गुरुजींनी पेन्सिल त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली.

“आधी ऐकून या.”