फोटोतली शाल

गावातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयाच्या मित्रमंडळात आता तीनच बाया उरल्या होत्या. त्यातली यमुना लेकराला झोळीत निजवून रोज तिथं झाडलोट करायची. तिच्या आजीचं जातंही तिथंच ठेवलेलं होतं.

एक दिवस नगराध्यक्ष हंबीरराव आले. म्हणाले, "इथं दुकानं काढायचीत. वस्तू गोदामात टाका अन् फोटो काढून ठेवा. बघणाऱ्याला फोटो पुरतो."

यमुनेनं केरसुणी खाली ठेवली. गोदामात गेलेली वस्तू परत आलेली तिनं पाहिली नव्हती. ती हळूच म्हणाली, "बरं साहेब. निदान वस्तूंच्या निरोपाला या, तुमचा सत्कार करतो."

हंबीरराव चार पाहुणे घेऊन आले, ऐटीत बसले. यमुनेनं ताटातला एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर शाल आणि नारळाचा फोटो होता.

"हे काय गं?"

"शाल-श्रीफळ, साहेब. फोटो पुरतो, तुम्हीच म्हणाला होता."

पाहुण्यांनी तोंडाला रुमाल लावले. हंबीरराव खाली बघत पुटपुटले, "राहू द्या वस्तू इथंच, वर्षभर."

सगळे गेले. वर्षानंतर काय, याच घोरात यमुनेनं झोळीला झोका दिला आणि केरसुणी उचलली.