चुकलेल्या हाकेची शाल

एकदा एका ओतशाळेतल्या घंटा बद्द वाजू लागल्या. कासे तेच, भट्टी तीच, ओतणारे हातही तेच. पण टोल दिला की नाद घुमण्याऐवजी फुटके मडके वाजवल्यासारखा आवाज यायचा. देवापुढे बांधायची वस्तू, तिचा आवाजच असा असेल तर ती घेणार कोण? ओतशाळेचे मालक होते गावचे शेठजी. त्यांनी आपल्या परीने उपाय केले. आधी मुकादम हैबतीवर ओरडले, मग भटजींना बोलावून शांत करवून घेतली, आणि मग पुन्हा हैबतीवर ओरडले. एवढे करूनही घंटा सुधारेनात, तेव्हा ते नदीपलीकडे राहणाऱ्या वृद्ध गुरुजींकडे गेले.

गुरुजींची ख्याती मोठी होती. तेलाचा घाणा असो, विणकराचा माग असो, काम कुठे अडले की लोक त्यांचे दार ठोठावत. आता वय झाले होते, म्हणून त्यांनी आपला सर्वांत हुशार शिष्य अच्युत याला पाठवले. निघताना एवढेच म्हणाले, "तिथल्या माणसांना शिकवून ये."

अच्युतची नजर तीक्ष्ण होती. सकाळी गेला आणि दुपारच्या जेवणाआधी दोष काढून मोकळा झाला. मातीचे साचे पुरते वाळण्याआधीच त्यांत तापलेला रस ओतला जात होता. ओलीची वाफ होऊन धातूत पोकळ्या राहत होत्या. साचे नीट वाळवले आणि घंटा खणखणू लागल्या. शेठजींनी नारळ देऊन त्याचा मान केला. पुढे काही दिवसांनी पुन्हा बोलावणे आले. या खेपेला कथलाचे प्रमाण चुकत होते. तेही त्याने उभ्या उभ्या ओळखले. अच्युतला आकाश ठेंगणे झाले, आणि त्यात नवल नव्हते. गुण होता म्हणूनच तर मान मिळत होता.

तो परत आल्यावर गुरुजींनी विचारले, "दोष कुणी शोधला?"

"मी शोधला, गुरुजी."

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही मीच."

गुरुजी नुसते "बरं" म्हणाले. या 'बरं'चा अर्थ अच्युतला त्या दिवशी लागला नाही.

तिसऱ्या खेपेला शेठजी स्वतःच आले आणि चेहरा पाडून बसले. दूरच्या एका देवस्थानाने माणसाच्या उंचीची घंटा करायला सांगितली होती. एवढे मोठे काम ओतशाळेने कधी केले नव्हते. ते साधले तर पुढच्या पिढीचीही ददात मिटणार होती. फसले तर ओतशाळेला कुलूप लागून कारागिरांच्या चुली विझणार होत्या. "आणि आमची माणसं?" शेठजी वैतागून म्हणाले, "काहीही विचारा, एकच उत्तर. अच्युतराव येतील तेव्हा सांगतील!"

हे ऐकून अच्युत मनातून सुखावला. गुरुजींनी मात्र काठी उचलली आणि म्हणाले, "चला, मीही येतो."

ओतशाळेत पोहोचल्यावर गुरुजींनी सगळ्यांना जवळ बोलावले आणि शेठजींकडून एक वचन घेतले. कुणालाही, कसलीही शंका आली तर त्याने 'थांबा' म्हणायचे. तो शब्द निघाला की हातातले काम जिथल्या तिथे थांबले पाहिजे. मग म्हणणारा मुकादम असो की माती मळणारा. शेठजींनी नाइलाजाने मान डोलावली. मग गुरुजी अच्युतकडे वळले. "आणि तू इथं आहेस तोवर एकही दोष सांगायचा नाहीस. कुणी विचारलं तरी नाही."

"मग मी येऊन करू काय?"

"बघ. एवढ्या जवळून तू माणसं कधी बघितली नाहीस."

नेहमीच्या लहान घंटांचे काम सुरू झाले. पहिले काही दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. शंका येत नव्हत्या असे नाही. अच्युतला त्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत. कुणी तोंड उघडू पाही, मग हैबतीकडे बघे आणि गिळून टाकी. स्वतः हैबती अच्युतकडे बघे. अच्युत आपला छताकडे बघत बसे, आणि हे बसणे त्याला फार जड जाई.

एके दिवशी रस मुशीत लाल होऊन तयार होता, हैबतीने मूस उचलायला हात घातला, तेवढ्यात साचे करणारी साळूबाई बोलली. "थांबा."

हात थांबले. काय झाले म्हणून हैबतीने विचारले, तर ती चाचरत म्हणाली, "साचा आतनं ओला ऱ्हायल्यागत वाटतोय मला."

शब्द दिलेला होता. काम थांबले. साचा उकलून पाहिला, तो आतून हाडासारखा कोरडा ठणठणीत! तोवर मुशीतला रस थिजला होता, दिवसभराचे कोळसे वाया गेले होते आणि चांगला साचा हकनाक मोडला होता. हैबतीचा पारा चढला. "बाई, तुमच्या वाटण्यापायी सगळ्यांचा दिवस मातीत गेला की," तो म्हणाला. साळूबाईने पदर तोंडाला लावला. आरडाओरडा ऐकून शेठजी धावत आले आणि आता हिला कामावरून काढणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरले.

गुरुजी उठले. "शेठजी, खांद्यावरची शाल द्या बघू," ते म्हणाले. शेठजींनी गोंधळून शाल दिली. गुरुजींनी ती घडी सरळ करून साळूबाईच्या हाती ठेवली. देव्हाऱ्यापुढचा नारळ मागवून तोही तिला दिला. मग सर्वांदेखत तिला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. साळूबाईला शाल घ्यावी की टाकावी हेच कळेना.

संध्याकाळी नदीकाठी अच्युतचा बांध फुटला. "गुरुजी, क्षमा असावी, पण हा कुठला न्याय? मी दोनदा दोष बरोबर काढला, तर आपण 'बरं' म्हणालात. तिनं चुकीचा काढला, तर तिला शाल!"

गुरुजी हसले. "शाल चुकीसाठी नव्हती रे, तोंड उघडल्याबद्दल होती. पहिली हाक बहुधा चुकतेच. पण त्या चुकलेल्या हाकेला आपण काय उत्तर देतो, ते सगळे कान देऊन ऐकत असतात. आज तिला रागावलो असतो, तर उद्या खरा दोष समोर दिसला तरी इथलं कुणी बोललं नसतं. एक दिवसाचे कोळसे म्हणजे त्या शिक्षणाची फी समज, आणि स्वस्तात पडली म्हण. तू दोनदा आलास आणि दोष काढून गेलास. पण जाताना नुसता दोष नेला नाहीस, अच्युता, यांची नजरही घेऊन गेलास. ती परत करायला आपण आलो आहोत."

अच्युतला वाईट वाटले, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्या शालीनंतर ओतशाळेचा रंग पालटत गेला. 'थांबा' ऐकू येऊ लागले. कधी शंका खोटी निघे, कधी खरी. पण लोक आता साच्याभोवती जमून बोलू लागले, एकाने म्हटलेले दुसरा पडताळू लागला. हैबती कुरकुरत का होईना, ऐकून घेऊ लागला. पुढे पुढे तर तोच विचारू लागला, "कुणाला काही दिसतंय का?"

मोठ्या घंटेचा दिवस उजाडला. अंगणात खोल खड्डा खणून त्यात साचा उभा केला होता आणि भोवताली माती ठासली होती. रस तयार झाला. सगळे कारागीर खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, शेठजींनी हात जोडले, आणि हैबतीच्याच तोंडून शब्द निघाला. "थांबा."

"आता तुम्हाला काय झालं?" शेठजी जवळजवळ रडकुंडीला आले.

"नक्की नाही सांगता येत, मालक. धुरासारखं काहीतरी हललं डोळ्यांपुढं. मन धजत नाही."

सवयीने सगळ्यांच्या माना अच्युतकडे वळल्या. अच्युतनेही तो धूर पाहिला होता आणि त्याचे उत्तर तयार होते: रस जास्त तापला आहे, कथील जळून धूर येतो आहे, थोडा निवू द्या आणि ओता. शब्द अगदी ओठांवर आले. त्याने ते मोठ्या कष्टाने मागे लोटले आणि म्हणाला, "तुम्हीच बघा, हैबतराव."

मग ते बघू लागले. कुणी म्हणाले, धूर मुशीतून येतोय. रसाचा चमचाभर नमुना ओतून मोडून पाहिला. तो निर्दोष होता आणि मुशीवर धूरही नव्हता. कुणाला वाटले साचा ओला असेल. साळूबाईने आत हात घालून पाहिले, साचा कोरडा होता. तेवढ्यात खड्ड्यात उतरलेला एक कारागीर म्हणाला, "माझ्या तळव्याला चिखल कसा लागला?" त्यांनी कडेची माती उकरली, तर खालून पाणी पाझरत होते. शेजारी नवा हौद बांधून कालच भरला होता. त्याला तडा गेला होता. तो धूर नव्हता, भट्टीच्या धगीने ओल्या मातीतून उठलेली वाफ होती. त्या ओल्या मातीत उभ्या असलेल्या साच्यात उकळता रस पडला असता, तर पाण्याची एकदम वाफ होऊन साचा सुरुंगासारखा उडाला असता.

हौद उपसला गेला, खड्डा दुसऱ्या जागी खणला गेला, आणि ती घंटा पुढे अशी साधली की तिच्या पहिल्या टोलाला हैबतीच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते नंतर. त्या दिवशी सगळे पांगल्यावर गुरुजी आणि अच्युत उकरलेल्या खड्ड्यापाशी उभे होते.

"तुला काय वाटलं होतं रे?" गुरुजींनी विचारले.

"रस जास्त तापलाय असं वाटलं होतं. थोडा निवू द्या आणि ओता, असं सांगणार होतो."

"आणि सांगितलं असतंस तर?"

खड्ड्याच्या काठावरच्या भुसभुशीत मातीत पावले उमटलेली होती. हैबतीची, साळूबाईची, शेठजींची, आणि गुरुजींचीही. अच्युतची नजर एकेका पावलावरून फिरली.

"सगळ्यांनी ऐकलं असतं," तो म्हणाला.

ज्याचे सगळे ऐकतात, त्याने बोलण्याआधी सगळ्यांचे ऐकावे.