पाठमोरा हत्ती

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात भिंतभर एक चित्र होते: मेघनाद हत्ती सोंड उगारून धावतो आहे, पायांखाली शत्रू तुडवतो आहे आणि अंबारीत राजा भाला परजून उभा आहे. येणारा प्रत्येक जण आधी हत्तीला न्याहाळी, मग राजापुढे वाके. ते पाहून सरदारांनीही आपापले घोडे, शिकारी कुत्रे, बहिरी ससाणे रंगवून घेतले. ज्याचे जनावर मोठे त्याचा मान मोठा, अशी रीतच पडली.

एके सकाळी चित्रातला हत्ती पाठमोरा झाला. दुपारपर्यंत सरदारांच्या घरची चित्रे पाठमोरी झाली. संध्याकाळी गाईंनी पान्हा चोरला. बैल जुवाखाली मान देईनात. तान्ही मुले दुधावाचून रडू लागली.

राजाने मांत्रिक बोलावले. कोणाचाच मंत्र चालेना. तेव्हा गवाक्षात एक भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राजा, हा शाप मेघनादाचा. का दिला, ते तुला ठाऊक आहे."

राजाची मान खाली गेली. नदीकाठच्या लढाईत मस्तकात बाण रुतले असताना मेघनाद गुडघे टेकून राजाला आडोसा देत होता. माहूत कान्हू ओरडला होता, "महाराज, याला सोडू नका!" राजा अंबारीतून उतरला आणि पळाला. त्या दोघांनी वाट अडवून धरली, म्हणून तो जगला.

"उपाय सांग," राजा म्हणाला.

"हत्तीची हाडे स्वतःच्या हातांनी पूर. माहुताच्या बायकोला खरे सांग. मग ते चित्र खरे कर."

सात दिवस राजाने नदीकाठी खड्डा खणला. हात सोलवटले, हाडे मातीत निजली.

माहुताच्या घरी मात्र त्याने प्रधानाकरवी शालू धाडला. शालूची उंबऱ्यावरच राख झाली. मग तो अनवाणी गेला आणि उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसला. माहुताची बायको मैनाई भाकरी थापत होती.

"बाई, मी पळालो. कान्हू माझ्यापायी गेला."

तिचा हात थांबला. "शेवटी ते एकटे होते?"

"हत्ती होता."

"आणि तुम्ही?"

"कान्हूला माझी पाठ दिसत होती."

"उठा महाराज," ती म्हणाली. "माझ्याच्याने तुमच्याकडे बघवत नाही."

राजा परतला तो थेट चिताऱ्याकडे. "हत्ती गुडघ्यांवर काढ. मानेवर कान्हू. तिकडे दूर, पळताना मी."

चिताऱ्याने विचारले, "महाराज, पळणाऱ्याचे तोंड कोणाचे काढू?"

"माझेच."

शेवटचा रंग भरला तसा हत्तीने तोंड वळवले. गोठ्यांत गाईंनी पान्हा सोडला, बैलांनी जू घेतले. सरदारांनी आपापली चित्रे मुकाट्याने उतरवली.

पुढे परराज्याचा वकील आला. चित्रापुढे उभा राहून म्हणाला, "हत्ती थोर दिसतो. हा पळणारा कोण?"

राजा सिंहासनावरून उतरला.

"मी," तो बारीक आवाजात म्हणाला.

त्यानंतर जो जो पाहुणा आला, त्याला राजानेच उत्तर दिले. आणि दर वेळी त्याचा आवाज पहिल्याइतकाच बारीक झाला.