चाकामागचे दोन दगड

घाट चढताना आमच्या शाळेची जीप तापली की मधेच बंद पडायची. हँडब्रेक नीट धरत नसे, म्हणून ती मागे घसरू नये यासाठी आम्ही मुली पटकन उतरून चाकांमागे दगड लावायचो. असे दोन दगड जीपमध्ये कायमच असत. मेकॅनिक म्हणाला, "इंजिनाच्या कंट्रोल मॉड्यूलचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा डबा बिघडलाय. गॅरंटीत बदलून मिळेल."

त्यासाठी डबा तपासायला जीपच्या कंपनीचे रेगेसाहेब आले. सकाळच्या गारव्यात, सपाट मैदानावर त्यांनी चावी फिरवली. जीप लगेच सुरू झाली.

"डबा उत्तम आहे!" ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "बदलायचाच तर ड्रायव्हर बदला."

मुख्याध्यापक विचारात पडले. आमचे ड्रायव्हर धुरीकाका शांतपणे पुढे आले.

"म्हणजे गाडी चांगली, चालवणारा वाईट. असंच ना, साहेब?"

"अगदी तसंच!"

"मग आज तुम्हीच घाट चढवून दाखवा. चढलात, तर मी उद्यापासून येत नाही."

साहेब ऐटीत स्टिअरिंगवर बसले. काकांनी दोन्ही दगड शेजारच्या सीटवर ठेवले.

"हे कशाला?"

"मुली आज सोबत नाहीत ना. गाडी बंद पडलीच, तर ब्रेकवरचा पाय न काढता खाली उतरायचं आणि मागे जाऊन दगड लावायचे. सोपं आहे."

साहेबांनी दगडांकडे पाहिलं. मग काचेतून समोरच्या घाटाकडे पाहिलं. हळूच इंजिन बंद करून ते उतरले आणि बॉनेटवर कागद ठेवून नव्या डब्यासाठी सही केली.

"आणि ड्रायव्हर?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"ड्रायव्हर राहू द्या," साहेब पुटपुटले.