गुलाबांचं पांघरूण

देवखिंडीच्या डोंगरी संस्थानात त्या वर्षी पौषातली थंडी हाडं गोठवत होती. तशात पाहुणे येणार म्हणून दिवाण त्र्यंबकरावांनी राजवाड्यातल्या गुलाबांवरचं गवताचं आच्छादन आणि भोवतीचं काटेरी कुंपण काढायला लावलं. "यानं शोभा जाते," ते म्हणाले. सकाळपर्यंत निम्मी झाडं गारठ्यानं करपली आणि उरलेल्यांचे कोवळे शेंडे सांबरांनी खाऊन टाकले. दिवाणांनी सगळं खापर माळी रखमाजीवर फोडलं आणि त्याला संस्थानातून हाकलायचा हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच राणी चंद्रावतींनी दिवाणांना बागेत बोलावलं. शाल लपेटून, दोन भालेकरी घेऊन ते हजर झाले.

"दिवाणजी, शाल काढा. अंगरख्याचं जरीकाम दिसत नाही," राणी म्हणाल्या.

हे कौतुक की राग, ते दिवाणांना कळेना. त्यांनी शाल काढून ठेवली.

"आता भालेकऱ्यांना परत पाठवा. त्यांच्याआड तुम्हीच दिसत नाही."

दिवाण आणखीच गोंधळले, पण त्यांनी हातानं इशारा केला. भालेकरी गेले. तेवढ्यात झाडीत काहीतरी खसफसलं.

"राणीसाहेब, इथं अस्वलं येतात," दिवाण म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "त्यात ही थंडी. माझं काही बरंवाईट झालं तर?"

"तर रखमाजीला हाकलून देऊ," राणी शांतपणे म्हणाल्या.

दिवाणांना सगळा उलगडा झाला. त्यांनी कुडकुडतच हुकूम मागे घेतला आणि रखमाजीला गवत आणायला सांगितलं.