चिखलात पडली तिळूची घंटी

तिळू नावाचं एक करडू. तिळाएवढी शेपटी, टोचरे टोचरे खूर आणि गळ्यात घंटी. चाललं की खूर टप टप, घंटी किण किण.

आई रानात चरायला जायची. जाताना म्हणायची, "घंटी वाजव हं. घंटी वाजली की मला कळतं, हे माझंच बाळ!"

एकदा काय झालं? तिळूने मारली उडी. चिखलाकाठी कुणी उड्या मारतं का? पण तिळूच ते! दोरा तुटला. घंटी चिखलाच्या मधोमध. डुबुक!

तिळूने एक पाय टाकला. पचाक! टोचरा खूर रुतला की हो गुडघ्यापर्यंत! कसाबसा बाहेर काढला.

तिळू निघालं. टप टप टप. गोठ्यात होती फळी, खांबाला बांधलेली.

"फळीताई, फळीताई, चिखलावर आडवी हो ना! घंटी मिळेना, आई मला ओळखेल कशी? बें बें!"

फळी म्हणाली, "होईन की! मी रुंद, मी नाही रुतत. पण मला दोरीने बांधलंय. विळ्याने दोरी कापली तर येईन."

तिळू निघालं. टप टप टप.

"विळेदादा, विळेदादा, दोरी काप ना! फळी सुटेना, घंटी मिळेना, आई मला ओळखेल कशी? बें बें!"

विळा म्हणाला, "माझी धार गेली रे. कड झाली जाड. कितीही जोर लावला तरी नुसता दाबतो, कापत नाही. दगडाने धार लावली तर कापीन."

तिळू निघालं. टप टप टप.

"दगडोबा, दगडोबा, धार लाव ना! विळा कापेना, फळी सुटेना, घंटी मिळेना, आई मला ओळखेल कशी? बें बें!"

दगड म्हणाला, "मी पडलो कोरडा ठणठणीत. गोदामावशीने पाणी ओतलं तर धार लावीन."

तिळू निघालं. टप टप टप. मावशी बसली होती रांजणाशी, पाय धरून.

"मावशी, मावशी, पाणी ओत ना! दगड घासेना, विळा कापेना, फळी सुटेना, घंटी मिळेना, आई मला ओळखेल कशी? बें बें!"

मावशी म्हणाली, "ओतलं असतं रे राजा, पण उठू कशी? पायात काटा गेलाय. काटा एवढुस्सा, टोक त्याहून एवढुस्सं, पण शिरलाय बघ कसा! काटा निघाला तर पाणी ओतीन."

आता कुणाकडे जायचं? तिळूला मावशीची दया आली. "मावशी, मी काढू?"

तिळूने काटा ओठांत धरला. ओढला. सुळ्ळकन् बाहेर!

"आई गं!" म्हणाली मावशी. आणि मग हसली.

मावशी उठली. पाणी ओतलं, ढळ ढळ. दगडाने विळा घासला, खस खस. कड झाली पातळ. नुसती दोरीला लागली आणि तट्ट! फळी सुटली, सर्र सर्र गेली, चिखलावर आडवी झाली. अशी ऐसपैस!

तिळू फळीवर चढलं. फळी रुतली? नाही! तिळू रुतलं? मुळीच नाही! टप टप टप गेलं, घंटी तोंडात धरली, टप टप टप आलं.

तेवढ्यात आई आली. आता हो काय करायचं? घंटीत चिखल, घंटी वाजेना. घंटी तोंडात, बें म्हणता येईना! तिळूचे डोळे भरून आले.

आईने हुंगलं. चिखलाने माखलेलं नाक हुंगलं, तिळाएवढी शेपटी हुंगली.

"वेडं गं माझं! घंटी नसली तरी ओळखीन मी तुला."

आईने तिळूला चाटलं, घंटीलाही चाटलं. मावशीने फळीच्या कापलेल्या दोरीचा तुकडा घेतला आणि घंटी बांधली.

तिळूने मारली उडी. चिखलापासून लांब हं!

किण किण किण!

घंटी आली गळ्यात, गोष्ट गेली मळ्यात.